वाळवंटातील प्रौढ नराचा शोध : अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील हरिण-शिकारीच्या साहित्याचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

शिकारकथा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मचाण, हाकारे, नरभक्षक वाघ आणि शेवटी सुटणारी गोळी असे चित्र उभे राहते. या कथेचा उत्कर्षबिंदू मृत्यूत असतो आणि आधीचे सारे निवेदन त्या क्षणाची पूर्वतयारी करते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटी प्रदेशात हरणांच्या शिकारीविषयी जे लेखन झाले, त्याची घडण मात्र वेगळी आहे. त्यात गोळी एखाद्या वाक्यात सुटते, पण हरीण दिसेपर्यंतचा काळ पानेच्या पाने व्यापतो. ज्याचा शोध घ्यायचा तो प्राणीही कोणतेही हरीण नसून वयाने प्रौढ झालेला, अनेक हंगाम जगून निघालेला नर असतो. त्यामुळे 'सापडणे' हीच या साहित्यातील मुख्य घटना ठरते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानंतर शिकार हा छंद म्हणून उरला नाही. त्यामुळे मराठी वाचकाला हे लेखन व्यवहारासाठी मार्गदर्शक म्हणून वाचण्याचे कारण नाही. ते साहित्य म्हणूनच वाचावे लागते. तसे वाचले असता एक प्रश्न समोर येतो. ज्या लेखनाचा शेवट एका प्राण्याच्या मृत्यूत होतो, त्याला वाङ्मयीन आणि नैतिक मूल्य कशामुळे लाभते? हे मूल्य शोधाच्या अवघडपणात आहे आणि तो अवघडपणा जिथे नाहीसा होतो तिथे या साहित्याचा आधारच खचतो, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रदेश, प्राणी आणि 'प्रौढ' या शब्दाचा अर्थ

सोनोरन वाळवंट दक्षिण ॲरिझोना, कॅलिफोर्नियाचा काही भाग आणि मेक्सिकोतील सोनोरा प्रांत यांत पसरले आहे. हे वाळवंट म्हणजे केवळ वाळूचे ढिगारे नव्हेत. सग्वारो निवडुंग, पालो व्हर्डे, मेस्किट, आयर्नवुड अशा झाडाझुडपांनी ते विरळ भरलेले आहे. पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, अशा दोन हंगामांत पडतो. या प्रदेशातील टुसॉन शहराची वार्षिक सरासरी ३०० मिलिमीटरपेक्षा कमी आहे. चारा तुटपुंजा असल्याने हरणांची घनता कमी आणि प्रत्येक हरणाचा वावर मोठ्या क्षेत्रात असतो.

येथे हरणांचे दोन प्रकार आढळतात. सखल भागात आणि टेकड्यांच्या पायथ्याशी म्यूल डिअर राहते. खेचरासारख्या मोठ्या कानांवरून त्याला हे नाव पडले. डोंगरउतारांवर ओक आणि गवताच्या पट्ट्यात पांढऱ्या शेपटीचे लहानखुरे कूज हरीण असते. एलियट कूज (१८४२-१८९९) या निसर्गअभ्यासक लष्करी शल्यचिकित्सकाचे नाव त्याला देण्यात आले. कूज जातीच्या प्रौढ नराचे वजन साधारण ४५ किलोच्या आसपास भरते. धूसर रंगामुळे तो खडकांत आणि वाळल्या गवतात विरून जातो.

या दोन्ही हरणांची शिंगे चितळ-सांबरांप्रमाणे दरवर्षी गळतात आणि नव्याने वाढतात. वाढीच्या काळात त्यांवर मखमली आवरण असते. वाढ त्या वर्षीच्या चाऱ्यावर, म्हणजे पर्यायाने पावसावर अवलंबून असते. त्यामुळे दुष्काळी वर्षात सहा-सात वर्षांच्या नराची शिंगेही बेताची असू शकतात आणि चांगल्या पावसाच्या वर्षी तरुण नरही डौलदार दिसू शकतो. प्रौढत्व केवळ शिंगांवरून ठरत नाही. खोल छाती, किंचित ओघळलेले पोट, जाड मान आणि जड, सावध चाल यांवरून ते ओळखावे लागते. शिंग हे एका वर्षाच्या पावसाचे लेखन असते, तर शरीर हे अनेक वर्षांचे. या दोहोंत गल्लत करणारे लेखन पुढे कोणत्या दिशेला जाते, हे मोजपट्टीच्या संदर्भात दिसून येईल.

दोन भाऊ, दोन दृष्टी

या परंपरेचा विचार टी. एस. व्हॅन डाइक यांच्या 'द स्टिल-हंटर' (१८८२) या पुस्तकापासून करणे सोयीचे ठरते. 'स्टिल-हंटिंग' म्हणजे कुत्री आणि हाकारे यांच्याविना, एकट्याने, निःशब्दपणे केलेली शिकार. या पद्धतीत शिकाऱ्याने हरणाला आधी पाहिले पाहिजे. हरणाने त्याला आधी पाहिले की खेळ संपला. व्हॅन डाइक यांचा मोठा भर नवशिक्याच्या दृष्टिदोषावर आहे. नवशिका चित्रातले हरीण शोधतो : पूर्ण आकृतीचे, मान उंचावलेले, आडवे उभे असलेले. प्रत्यक्षात दिसतो तो एखादा करडा ठिपका, झुडपाआड एक आडवी रेघ किंवा कानाची हालचाल. म्हणून आधी मनातले चित्र पुसावे लागते आणि मग डोळ्यांना तुकड्यांवरून पूर्णाकडे जाण्याची सवय लावावी लागते.

त्यांचे धाकटे बंधू जॉन सी. व्हॅन डाइक हे न्यू जर्सीतील रटगर्स येथे कलेतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांच्या 'द डेझर्ट' (१९०१) या पुस्तकाने वाळवंटाकडे सौंदर्यदृष्टीने पाहण्याची प्रथा अमेरिकी वाचकात रुजवली. हवेतील धुळीमुळे बदलणारे रंग, प्रकाशाचे थर, अंतराविषयी होणारा भ्रम यांचे त्यांनी तपशीलवार वर्णन केले. त्यांच्या प्रवासकथनातील आणि निसर्गविषयक माहितीतील चुका पुढील अभ्यासकांनी दाखवून दिल्या आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

या दोन पुस्तकांची तुलना उद्बोधक आहे. दोघांचाही विषय 'पाहणे' हाच आहे. धाकट्या भावाची नजर रंगावर रेंगाळते आणि तिला काहीच शोधायचे नसते. म्हणून ती चुकली तरी तिला शिक्षा होत नाही. थोरल्या भावाची नजर चुकली तर हरीण निघून जाते. वाळवंटाच्या सौंदर्यवर्णनाला वास्तवाची कसोटी लावणारी ही शक्यता शिकारीच्या लेखनात अंगभूत असते. त्यामुळे 'द स्टिल-हंटर'चे गद्य अलंकारांत कमी असूनही अधिक विश्वसनीय वाटते.

पाण्याकडे जाणाऱ्या वाटा

मेरी ऑस्टिन यांचे 'द लँड ऑफ लिटल रेन' (१९०३) हे पुस्तक शिकारीचे नव्हे. पण वाळवंटात प्राणी कसा शोधावा याचे व्याकरण त्यात जितके सूक्ष्म आहे तितके क्वचितच आढळते. कॅलिफोर्नियातील ओवेन्स खोऱ्याच्या आणि मोहावी वाळवंटाच्या परिसरातील या लेखांपैकी एक प्राण्यांच्या पाणवाटांविषयी आहे. माणसाच्या उंचीवरून ज्या वाटा दिसतही नाहीत, त्या उंदीर-खारींच्या उंचीवर उतरून पाहिल्या की रुंद रस्त्यांसारख्या भासतात, हे त्यातील महत्त्वाचे निरीक्षण होय. वाटा जिथे एकमेकींना मिळत जातात त्या दिशेला पाणी असते. याच लेखात पाण्याची दिशा दाखवणाऱ्या, मूळ रहिवाशांनी दगडांवर केलेल्या जुन्या खुणेचाही उल्लेख येतो.

प्रौढ नराचा शोध घेणाऱ्या अनुभवी शिकाऱ्याची रीत याहून फारशी निराळी नाही. त्याचाही आरंभ पाण्यापासून होतो. नैसर्गिक टाकी, गुरांसाठी बांधलेले तळे, कोरड्या ओढ्यातील झरा यांच्या काठावरील पाऊलखुणा ताज्या आहेत की जुन्या, खुराचा ठसा किती रुंद आणि खोल आहे, हे पाहून तो अंदाज बांधतो. परंतु म्हातारा नर बहुधा अंधारातच पाण्यावर येऊन जातो. म्हणून पाणी ही शोधाची सुरुवात असते, शेवट नव्हे. पाण्यापासून चाऱ्याकडे, चाऱ्यापासून सावलीकडे जाणारी साखळी मनात जुळवावी लागते. ऑस्टिन यांचे लेखन ही साखळी जोडायला शिकवते, आणि तेही कोणाला मारण्याच्या हेतूविना. शोधाचे ज्ञान हे शिकारीच्या हेतूपासून स्वतंत्रपणे उभे राहू शकते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

जॅक ओ'कॉनर : शोधाचे गद्य

या परंपरेतील सर्वात महत्त्वाचे नाव जॅक ओ'कॉनर (१९०२-१९७८) यांचे आहे. ॲरिझोना हे राज्य होण्यापूर्वी तिथे जन्मलेले ओ'कॉनर टेंपी गावात वाढले. १९३४ ते १९४५ या काळात ते टुसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठात अध्यापन करीत होते. 'कॉन्क्वेस्ट' (१९३०) आणि 'बूम टाउन' (१९३८) या कादंबऱ्या लिहून झाल्यावर १९३९ मध्ये त्यांचे 'गेम इन द डेझर्ट' प्रसिद्ध झाले. पुढे 'आउटडोअर लाइफ' मासिकातील बंदुकांविषयीच्या सदरामुळे त्यांना मोठी लोकप्रियता लाभली. बालपणाच्या आठवणी त्यांनी 'हॉर्स अँड बगी वेस्ट' (१९६९) मध्ये सांगितल्या.

ओ'कॉनर यांची ख्याती बंदुकांचा जाणकार म्हणून अधिक झाली, ही त्यांच्या वाङ्मयाच्या दृष्टीने दुर्दैवाची गोष्ट म्हटली पाहिजे. त्यांच्या वाळवंटविषयक लेखनाचे बलस्थान काडतुसांच्या चर्चेत नाही; हरीण कुठे असेल या प्रश्नाचा भूगोल, वनस्पती आणि हवामान यांच्या आधारे केलेल्या उलगड्यात ते आहे. कादंबरीकाराचा हात त्यांच्या निवेदनात जाणवतो. प्रसंगाची गती ते आवरून धरतात, विनोदाने अतिशयोक्तीला चिमटा काढतात आणि शिकाऱ्याच्या फुशारकीवर विश्वास ठेवत नाहीत.

त्यांच्या लेखनातून आणि त्यांच्या नंतरच्या पिढ्यांच्या अनुभवातून शोधाची जी पद्धत सिद्ध झाली, तिचे स्वरूप थोडक्यात असे सांगता येईल. पहाटेपूर्वी उंच जागा गाठावी. उजाडताच तिपाईवर रोवलेल्या दुर्बिणीने समोरच्या उतारांचे पट्टे पाडून एकेक पट्टा सावकाश न्याहाळावा. ऊन चढले की हरणे विसाव्याला बसतात. मग उत्तरेकडे तोंड असलेले उतार, कड्यांच्या तळाशी असलेल्या सावल्या आणि झाडांची बुंधे पाहावीत. सूर्य सरकतो तशी सावलीही सरकते आणि बसलेले हरीण उठून पुन्हा सावलीत बसते. त्या अर्ध्या मिनिटात ते दिसू शकते. डिसेंबर-जानेवारीतील माजाच्या काळात एरवी एकटा राहणारा म्हातारा नर माद्यांच्या मागे उघड्यावर येतो. म्हणून त्या दिवसांत माद्यांच्या कळपावर नजर ठेवली की नर आपोआप समोर येण्याची शक्यता वाढते.

या पद्धतीत शिकारी चालतो कमी आणि बसतो जास्त. सामान्य शिकारकथेतील पराक्रमाची जागा इथे सहनशीलता घेते. तीच जागा पाचव्यांदा पाहिल्यावर हरीण दिसते, तेव्हा ते आधीपासूनच तिथे होते हे उमगते. वाचकाला हलवून सोडणारा क्षण हाच आहे. रिकामे वाटणारे रान रिकामे नव्हते, रिती होती ती आपली नजर, ही जाणीव या साहित्याची खरी कमाई होय.

तथापि ओ'कॉनर यांच्या परंपरेतील एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. या लेखनात वाळवंट बहुतेक वेळा एकट्या शिकाऱ्याच्या नजरेपुरते उरते. वाटाडे, गुराखी, मूळ रहिवासी येतात ते साहाय्यक पात्रे म्हणून. ज्या पाणवठ्यांचे आणि वाटांचे ज्ञान त्यांच्याकडून मिळाले, त्याचे श्रेय अनेकदा निवेदकाच्या अनुभवात विलीन होते.

शोधाचे नीतिशास्त्र : ओर्तेगा आणि लिओपोल्ड

स्पॅनिश तत्त्वज्ञ होसे ओर्तेगा इ गासेत यांनी एका उमराव मित्राच्या शिकारविषयक पुस्तकासाठी १९४२ मध्ये लिहिलेली दीर्घ प्रस्तावना पुढे स्वतंत्र ग्रंथ म्हणून मान्यता पावली. तिची पार्श्वभूमी स्पेनमधील असली तरी तिच्यातील दोन विचार वाळवंटाला विलक्षण लागू पडतात. पहिला असा की, सावजाची दुर्मिळता ही शिकारीची अडचण नसून तिची अटच आहे. सहज मिळणारे सावज शिकारीला अर्थशून्य करते. दुसरा असा की, शिकाऱ्याचे अवधान एका बिंदूवर खिळलेले नसते. काय, कुठून येईल हे ठाऊक नसल्याने ते सर्व दिशांना खुले असते. ओर्तेगा यांच्या मते मृत्यू हा शिकारीचा हेतू नसून तिच्या खरेपणाची खूण आहे.

हा युक्तिवाद आकर्षक असला तरी पुरता समाधानकारक नाही. हरणाच्या बाजूने पाहता मारणाऱ्याचे अवधान किती उन्नत होते, याने काहीच फरक पडत नाही. या त्रुटीवरचा उतारा आल्डो लिओपोल्ड यांच्या 'अ सँड काउंटी अल्मनॅक' (१९४९) या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या संग्रहात सापडतो. १९०९ पासून ॲरिझोनाच्या वनखात्यात काम करताना लांडगे कमी झाले की हरणे वाढतील, या समजुतीने त्यांनी लांडग्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. मरणाऱ्या लांडगिणीच्या डोळ्यांतील विझती हिरवी चमक पाहून त्या समजुतीला पडलेला तडा त्यांनी पर्वताच्या दृष्टीने विचार करण्यासंबंधीच्या लेखात नोंदवला. लांडग्याने मारलेल्या नराची उणीव दोन-तीन वर्षांत भरून निघते. पण बेसुमार वाढलेल्या हरणांनी ओरबाडलेला डोंगर सावरायला दशके लागतात, हा त्यांचा हिशेब होय.

लिओपोल्ड यांच्यामुळे प्रौढ नराच्या शोधाला नवा संदर्भ मिळतो. म्हातारा नर ही एका शिकाऱ्याच्या चिकाटीला लाभलेली भेट एवढाच त्याचा अर्थ उरत नाही. तो त्या रानातील पाणी, चारा, शिकारी श्वापदे आणि माणसाचा संयम यांच्या समतोलाचा साक्षीदार ठरतो. असा नर ज्या डोंगरावर सापडतो, तिथे काही वर्षे तरी कोणीतरी गोळी झाडण्याचे टाळलेले असते.

मोजपट्टी आणि कॅमेरा

थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट क्लबची स्थापना केली. प्राण्याला निसटण्याची खरी संधी मिळाली पाहिजे, हे 'फेअर चेस'चे तत्त्व या संस्थेने रूढ केले. याच संस्थेने १९५० मध्ये शिंगांच्या मोजमापाची एकसमान पद्धत स्वीकारली. मुख्य दांड्यांची लांबी, फाट्यांची लांबी, घेर, दोन्ही बाजूंमधील अंतर यांची इंचांत बेरीज करायची आणि डाव्या-उजव्या बाजूंत फरक असल्यास तो वजा करायचा, असे या पद्धतीचे स्थूल स्वरूप आहे.

या मोजमापाचा उद्देश नोंदी ठेवण्याचा होता. साहित्यावर मात्र त्याचा परिणाम प्रतिकूल झाला. शिकारकथेत गुणांक आला की प्राण्याचे चरित्र मागे पडते. दुष्काळात जगलेल्या, झिजल्या दातांच्या, बेताच्या शिंगांच्या नराला अशा कथेत स्थान उरत नाही. खरे तर वाळवंटाची सर्वाधिक माहिती त्याच्याच देहावर लिहिलेली असते. शिंगाला वय समजण्याची चूक इथे प्रतिष्ठा पावते.

याहून गंभीर प्रश्न तंत्रज्ञानाचा आहे. ओल्या जंगलात प्राणी कुठेही पाणी पिऊ शकतो. वाळवंटात पाणवठे मोजके असतात. त्यामुळे हालचाल टिपणारे स्वयंचलित कॅमेरे पाणवठ्यांवर बसवले की प्रदेशातील बहुतेक हरणांची हजेरी घरबसल्या मिळते. ॲरिझोनाच्या वन्यप्राणी आयोगाने जून २०२१ मध्ये शिकारीसाठी अशा कॅमेऱ्यांच्या वापरावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. हा निर्णय वादग्रस्त ठरला. वाङ्मयीन दृष्टीने पाहता त्यात एका साहित्यप्रकाराच्या अस्तित्वाचा प्रश्न गुंतलेला आहे. दुर्बीणही यंत्रच आहे, मग कॅमेऱ्याला आक्षेप का, असे विचारता येईल. परंतु दुर्बिणीमागे माणूस बसलेला असावा लागतो. त्याची तहान, थंडी आणि चूक त्या पाहण्यात सामील असते. कॅमेरा त्याच्या अनुपस्थितीत पाहतो. अनुपस्थितीत मिळालेल्या माहितीवर वृत्तान्त रचता येतो, शोधाचे गद्य रचता येत नाही.

हरणाच्या बाजूने

या सर्व लेखनात हरीण पाहिले जाते; ते स्वतः बोलत नाही. त्याच सोनोरन प्रदेशात राहणाऱ्या याकी समाजाच्या परंपरेत मात्र ते बोलते. लॅरी एव्हर्स आणि स्वतः याकी असलेले फेलिपे मोलिना यांनी सिद्ध केलेला 'याकी डिअर साँग्ज : मासो ब्विकाम' (१९८७) हा ग्रंथ या गीतपरंपरेचा मौलिक दस्तऐवज आहे. नर्तक मस्तकावर हरणाचे शिर धारण करतो, पायांना कोशांची खुळखुळी बांधतो आणि गायक हरणाचे शब्द गातात. फुलांनी भरलेल्या रानाच्या, 'सेया आनिया'च्या, जगातून हरीण येते. त्याला धाकटा भाऊ म्हणून संबोधले जाते.

ही गीते शिकारीला नकार देत नाहीत, पण शोधणारा आणि शोधला जाणारा यांच्यातील नाते ती एकतर्फी राहू देत नाहीत. इंग्रजी शिकारसाहित्यात हरीण दिसते तेव्हा नजरेचा विजय होतो. याकी गीतांत हरणालाही दृष्टी आहे, वाणी आहे आणि आपल्या मरणाविषयी सांगण्यासारखे काही आहे. ओर्तेगा यांच्या युक्तिवादात जी बाजू रिकामी राहिली होती, ती येथे भरून निघते. वाळवंटातील हरिणशोधाचा कोणताही विचार या परंपरेला वगळून केला तर तो अपुराच राहील.

निष्कर्ष

१. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील हरिण-शिकारीच्या साहित्याचा केंद्रबिंदू प्राण्याचा मृत्यू नसून त्याचे दिसणे हा आहे. विरळ चारा, मोजके पाणी आणि धूसर रंग ही वाळवंटाची वैशिष्ट्ये या घडणीला कारणीभूत आहेत.

२. टी. एस. व्हॅन डाइक, मेरी ऑस्टिन आणि जॅक ओ'कॉनर यांच्या लेखनाचे मूल्य, चुकले तर शिक्षा भोगणाऱ्या शिस्तबद्ध निरीक्षणात आहे. ऑस्टिन यांचे उदाहरण हे निरीक्षण मारण्याच्या हेतूविनाही संभवते, हे सिद्ध करते.

३. 'प्रौढ' हा वयवाचक शब्द 'मोठ्या शिंगांचा' या अर्थाने वापरला जाऊ लागला, तेव्हा या साहित्याचे लक्ष प्राण्याच्या जीवनाकडून आकड्याकडे वळले.

४. पाणवठ्यावरील स्वयंचलित कॅमेऱ्यांविषयीचा वाद केवळ नियमांचा नाही. शोधाचा अवघडपणा गेल्यास या साहित्याला असलेला नैतिक आधारही जातो.

५. लिओपोल्ड यांचा पर्यावरणविचार आणि याकी गीतपरंपरा यांच्या प्रकाशात वाचल्यासच या साहित्याची थोरवी आणि त्याची एकाक्ष नजर, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात. शिकारीचा छंद मागे पडलेल्या समाजातील वाचकालाही या लेखनातून घेण्यासारखे काही असेल, तर ते एवढेच की रान रिकामे आहे असे म्हणण्यापूर्वी तेच रान आणखी एकदा पाहावे.